लालबाग महाल पाहताना विचारायचे चार प्रश्न

नेट-सेट झाली, पेट झाली, गाइड मिळाले, टॉपिकही साधारण ठरला. मग मुलाखतीत समोरून प्रश्न येतो, "तुमचा संशोधन-प्रश्न काय आहे?" आणि आपण टॉपिकचंच नाव पुन्हा एकदा जरा मोठ्यानं सांगतो. "होळकरकालीन वास्तुकला" हा विषय झाला. त्यात प्रश्न कुठे आहे?

विषयातून प्रश्न कसा काढायचा, हे आज एका महालाच्या मदतीनं बघू या. महाल आहे इंदूरचा लालबाग. (मुंबईचं लालबाग नव्हे. तिथल्या राजाची रांग वेगळी.)

थोडं माझ्याबद्दल, कारण बघणारा कोण आहे यावर काय दिसतं हे ठरतं. मी मूळची विज्ञानाची. रसायनशास्त्रात एमएस्सी केली आणि आता जुन्या बांधकामांतल्या चुन्यावर पीएचडी करते आहे. राहते एकलहऱ्यात, म्हणजे नाशिकच्या औष्णिक वीज केंद्राच्या गावात. आमच्याकडे लांबून दिसणारी उंच वास्तू म्हणजे चिमण्या आणि कूलिंग टॉवर. त्यामुळे राजमहालासमोर भारावून जाण्याची सवय मला जरा कमी, आणि "हे नेमकं कशासाठी उभं केलं?" असं विचारण्याची सवय जास्त. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ही सवय उपयोगी पडेल असं वाटतं.

आधी महालाची ओळख

इंदूर शहरात खान नदीच्या काठी (तिला कान्ह असंही म्हणतात) हा तीन मजली महाल उभा आहे. बांधकाम 1886 मध्ये सुरू झालं आणि टप्प्याटप्प्यानं 1921 पर्यंत चाललं. भोवतीचा परिसर सुमारे 28 हेक्टर, म्हणजे 70 एकरांच्या आसपास. आता तो मध्य प्रदेश शासनाकडे आहे.

आत शिरलात की एकामागून एक युरोप उलगडत जातो. बरोक आणि रोकोको धाटणीची भोजनदालनं, इंग्रजी पद्धतीचं ग्रंथालय, इटालियन वळणाचं नृत्यदालन, छतांवर पाश्चात्त्य पुराणकथांमधल्या आकृती, सोनेरी वेलबुट्टी, झुंबरं. नृत्यदालनाची लाकडी जमीन स्प्रिंगांवर बसवलेली आहे असं सांगतात, म्हणजे नाचणाऱ्यांच्या पावलांना उसळी मिळावी. बागेत राणी व्हिक्टोरियाचा पुतळा. आणि प्रवेशाशी ओतीव लोखंडाचं प्रचंड फाटक. ते लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाची प्रतिकृती म्हणून ओळखलं जातं. इंग्लंडमध्ये ओतून जहाजानं इकडे आणलेलं, आणि त्यावर होळकरांचं राजचिन्ह.

बरोक हा शब्द नवा असेल तर दोन ओळींत सांगते. ओबडधोबड मोत्यासाठी पोर्तुगीजांकडे एक शब्द होता, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. युरोपात 17व्या शतकात ही शैली बहरली. वळणदार आकार, उजेड-सावलीचा खेळ, सोनं, आरसे, चित्रांनी भरलेली छतं, असं सगळं एकत्र आणून बघणाऱ्याला दिपवून टाकायचं हा तिचा हेतू. आधी ती कॅथलिक चर्चनं वापरली, मग राजांनी. आपल्या बाजूला तिची चाहूल चर्चच्या रूपानंच लागली. जुन्या गोव्यातली बॉम जीझस बॅसिलिका 1605 मध्ये पूर्ण झाली, म्हणजे लालबागच्या पायाभरणीच्या पावणेतीनशे वर्षं आधी.

मग होळकरांनी 1886 नंतर युरोपातली ही जुनी भाषा का उचलली? आपला विषय इथून प्रश्नाकडे वळायला लागतो.

रस्ताही वाचायचा असतो

नाशिकहून इंदूर सुमारे 400 किलोमीटर. मुंबई-आग्रा रस्त्यानं जा आणि वाटेत झोपू नका, कारण महालाची अर्धी गोष्ट या रस्त्यावर आहे.

पहिला थांबा चांदवड, आपल्याच जिल्ह्यात. तिथला रंगमहाल हा होळकरांचा वाडा, अहिल्याबाईंच्या काळातला मानला जाणारा. बाहेरून तटासारखी भिंत, आत कोरीव लाकडी खांब आणि भिंतींवर चित्रं. म्हणजे बाहेरच्या माणसाला फक्त दगड दिसणार. सौंदर्य सगळं आतल्यांसाठी.

पुढे धुळं, शिरपूर ओलांडून सातपुडा चढलात की सेंधवा लागतं. तिथला किल्ला होळकरांच्या ताब्यात होता. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला आणि 6 जानेवारी 1818 ला मंदसोरचा तह झाला. या तहानं सातपुड्याच्या दक्षिणेकडचा होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि सेंधव्याचा किल्लाही गेला. संस्थानाच्या संरक्षणाची जबाबदारी इंग्रजांनी घेतली, इंग्रजी फौज आली, दरबारात रेसिडेंट आला. गादीवर तेव्हा लहान वयाचे मल्हारराव (दुसरे) होते.

इंदूरच्या अलीकडे महू. ही छावणी त्या तहानंतरच उभी राहिली. 14 एप्रिल 1891 ला बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म इथे झाला, कारण वडील रामजी लष्करात सुभेदार होते. तारखेकडे पुन्हा बघा. तेव्हा 20-25 किलोमीटरवर लालबागचं काम चालू होतं. एकाच काळात, एकाच परिसरात किती वेगवेगळे इतिहास चालू असतात ते अशा तारखा शेजारी ठेवल्यावर दिसतं. वहीत उभी रेघ मारा आणि दोन्ही बाजूंना तारखा लिहीत जा. साधी युक्ती आहे, पण फार कामाची.

प्रश्न पहिला: कधी?

"लालबाग कधी बांधला?" याचं उत्तर "1886 ते 1921" असं मिळतं आणि आपण पुढे जातो. थांबा. 35 वर्षं म्हणजे एक वेळ नव्हे. या काळात गादीवर कोण होतं ते मांडून बघू.

महालाचं नाव ज्यांच्याशी पहिल्यांदा जोडलं जातं ते तुकोजीराव (दुसरे) 1886 मध्येच वारले. नंतर शिवाजीराव आले. त्यांनी 1903 मध्ये गादी सोडली. मुलगा तुकोजीराव (तिसरे) अल्पवयीन, त्यामुळे काही वर्षं कारभार रीजन्सी कौन्सिलकडे. तुकोजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले 1911 मध्ये. 1921 मध्ये महाल पुरा झाला. आणि 1926 मध्ये, मुंबईतल्या मलबार हिलवरच्या बावला खून प्रकरणानंतर, चौकशी आयोग की गादीत्याग असा पेच समोर आल्यावर तुकोजीरावांनीही गादी सोडली.

आता हे एका वाक्यात म्हणून बघा: लालबाग ज्या दोन राजांच्या कारकिर्दीत उभा राहिला, त्या दोघांनाही हयातीत गादी सोडावी लागली. महालाच्या भिंती हे सांगत नाहीत. तारखांची यादी सांगते. तुकोजीराव (तिसरे) पुढे 1978 पर्यंत जगले आणि लालबाग त्यांचं घर राहिलं. सत्ता गेली तरी महाल उरला.

तारखेचा आणखी एक उपयोग. फाटक बकिंगहॅमची प्रतिकृती आहे असं म्हणतो, तर बकिंगहॅमचं मूळ फाटक कधीचं? लंडनच्या राजवाड्यासमोर आज दिसणारी ती प्रसिद्ध फाटकं व्हिक्टोरिया स्मारकाच्या कामातली आहेत. ब्रॉम्सग्रोव्ह गिल्ड या कारागीर-संस्थेनं ती 20व्या शतकाच्या पहिल्या दशकात घडवली आणि स्मारकाचं अनावरण झालं 1911 मध्ये. म्हणजे लालबागचं फाटक खरंच त्यांची प्रतिकृती असेल, तर ते 1886 चं असूच शकत नाही. ते महालाच्या शेवटच्या टप्प्यातलं असणार, तुकोजीराव (तिसरे) यांच्या काळाच्या आसपासचं. आपण अजून एकही कागद उघडलेला नाही, फक्त दोन वाक्यं एकमेकांसमोर ठेवली. मार्गदर्शक पुस्तिकेतलं साधं विधानसुद्धा असं तपासता येतं.

माझ्या प्रयोगशाळेत हेच काम चुना करतो. चुन्याचा गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून वर्षानुवर्षं हळूहळू पुन्हा चुनखडीच बनत असतो. भिंतीचा छोटासा तुकडा आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की थर दिसतात. प्रत्येक थर म्हणजे कुणीतरी कधीतरी घेतलेला निर्णय. इतिहासाच्या विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही, पण "ही वास्तू एका दमात झालेली नाही" ही जाणीव लागते.

प्रश्न दुसरा: कोणाला दाखवण्यासाठी?

फाटकाशीच थोडं थांबू. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवा. 1730 च्या सुमाराला काम सुरू झालेला वाडा. दरवाजा सागवानी, जाड, आणि हत्तीनं धडक देऊ नये म्हणून त्याच्या कपाळाच्या उंचीवर लोखंडी खिळे. तो दरवाजा शत्रूला उद्देशून बोलतो. लालबागचं फाटक जाळीचं आहे. पलीकडचं सगळं दिसतं. ते अडवण्यासाठी फारसं उपयोगी नाही, पण थांबवून बघायला लावतं. मधल्या दीडशे वर्षांत काय बदललं? मंदसोरचा तह मध्ये येऊन गेला. संरक्षण इंग्रजांकडे गेल्यावर राजवाड्याच्या दाराला हत्तीची भीती उरली नाही.

आता ज्या महालांवरून ही भाषा आली त्यांच्याकडे बघू. फ्रान्सच्या व्हर्सायचा राजवाडा हा त्यातला सगळ्यांत मोठा. मूळ तिथे 1623 मधलं साधं शिकारघर होतं. चौदाव्या लुईनं ते वाढवलं आणि 1682 मध्ये आख्खा दरबार तिकडे हलवला. त्याच्या लहानपणी सरदारांनी बंड केलं होतं, ते तो विसरला नव्हता. सरदार डोळ्यांसमोर राहावेत, राजाच्या उठण्या-झोपण्याच्या सोहळ्यात मान मिळवण्यासाठी त्यांची चढाओढ लागावी, अशी ती योजना. आरसेमहालात 357 आरसे बसवले. चांगले आरसे तोवर व्हेनिसची मक्तेदारी होती, त्यामुळे फ्रान्समध्ये बनलेले आरसे हीसुद्धा एक घोषणाच. बागेतल्या कारंज्यांसाठी सीन नदीचं पाणी वर चढवायला 14 प्रचंड चाकांचं यंत्र बसवलं. तरी पाणी पुरेना, म्हणून राजा बागेत ज्या बाजूला जाईल तिकडची कारंजी सुरू करत. माणसं, पैसा, पाणी, सगळं एका केंद्राकडे खेचलेलं होतं आणि त्या केंद्रावर राजा खरोखर बसलेला होता.

इंदुरात चित्र काय? सेंट्रल इंडिया एजन्सीचा गव्हर्नर जनरलचा एजंट 1854 पासून इंदूरमध्येच बसत होता, रेसिडेन्सीत. आसपासच्या कितीतरी संस्थानांवर नजर ठेवणारं कार्यालय त्याच शहरात. होळकरांना 19 तोफांच्या सलामीचा मान होता, पण किती तोफा हे ठरवणार कलकत्ता आणि लंडन. थोडक्यात, शहराला दोन केंद्रं होती. व्हर्सायमध्ये दिपून जाणारा सरदार राजाच्या हाताखाली होता. लालबागच्या भोजनदालनात बसणारा गोरा पाहुणा राजाच्या हाताखाली नव्हता. बरेचदा उलटंच होतं.

जीवशास्त्रातलं एक उदाहरण इथे बसतं. वटवाघळाला पंख असतात, फुलपाखरालाही असतात. दोन्ही उडतात. पण पंख घडण्याचा रस्ता पूर्ण वेगळा. आकार सारखा दिसला म्हणून कारण सारखं धरायचं नाही. व्हर्साय आणि लालबाग दोन्हीकडे सोनेरी वेली आहेत. एका ठिकाणी त्या राजाचा हुकूम सांगतात. दुसऱ्या ठिकाणी त्या म्हणतात, आम्हीही तुमच्याच तोडीचे राजे आहोत, आम्हाला तसं वागवा.

प्रश्न तिसरा: काय दिसू नये म्हणून बांधलं?

महाल बघताना आपण दाखवलेलं बघतो. संशोधकानं लपवलेलं शोधावं.

लालबागचं स्वयंपाकघर नदीच्या पलीकडच्या काठावर आहे आणि तिथून महालात यायला भुयारी वाट आहे. बहुतेक पर्यटकांना ही गंमत वाटते. तुम्ही जरा वेळ त्यावर विचार करा. धूर, वास, आगीची भीती, भांड्यांचा आवाज दूर ठेवायचा, हे एक कारण झालंच. पण त्याचबरोबर राबणारी माणसंही दूर गेली. आचारी, वाढपी, पाणके यांनी जमिनीखालून यायचं आणि पाहुण्यांसमोर ताट जणू आपोआप यायचं. आपल्या वाड्यांमध्येही मुदपाकखाना मागच्या चौकात असे, पण तो वाड्याच्या आत असे. इथे तो नदीपार गेला. नदीपार राहणाऱ्यांची नावं कुठल्या कागदात असतील? पगारपत्रकांत, खाजगी खात्याच्या हिशेबांत, एखाद्या अर्जात. इथे एक आख्खा प्रबंध दडलेला असू शकतो.

दुसरी लपलेली गोष्ट म्हणजे पैसा. 19व्या शतकात माळव्याची अफू प्रसिद्ध होती आणि इंदूर तिच्या व्यापाराचं मोठं केंद्र होतं. पुढे कापडगिरण्या आल्या. तुकोजीराव (दुसरे) यांनी खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला 1 कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजानं, 101 वर्षांच्या मुदतीनं. हो, होळकरांनी इंग्रजांना दिलं! हे वाचल्यावर "संस्थानिक म्हणजे इंग्रजांच्या हातातली बाहुली" हे सोपं वाक्य लिहिताना हात अडखळतो, आणि अडखळायलाच हवा. तलवारीची ताकद गेली होती. पैशाची, उद्योगाची, आश्रय देण्याची ताकद शिल्लक होती आणि ती हुशारीनं वापरली जात होती.

प्रश्न चौथा: दुसरं स्पष्टीकरण चालेल का?

आतापर्यंतच्या मांडणीतून एक गृहीतक तयार होतंय: खरी सत्ता आटली तसा थाट वाढला. ऐकायला छान आहे. म्हणूनच त्याच्यावर जास्त संशय घ्यायचा. विज्ञानात आपण गृहीतक मांडल्यावर ते पाडायचा प्रयत्न करतो. इथेही करू.

आधी पुरावा बाजूनं. अहिल्याबाई 1767 ते 1795 राज्य करत होत्या, त्यांचा दबदबा मोठा. पण महेश्वरचा त्यांचा वाडा साधा, लाकडी खांबांचा. सत्ता जास्त, थाट कमी. गृहीतकाला बळ मिळालं? थांबा, अहिल्याबाईंचा स्वभाव हाही एक चल आहे. साधेपणा त्यांच्या काळाचा की त्यांचा स्वतःचा, हे एकट्या महेश्वरवरून वेगळं करता येत नाही.

आता विरुद्ध पुरावा. शनिवारवाड्यात पेशवाईच्या भरात हजारी कारंजं झालं, सोळा पाकळ्यांच्या कमळाचं. इंदूरचा सात मजली राजवाडा, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, हाही काही साधा नाही. त्याची सुरुवात पहिल्या मल्हाररावांच्या काळातली, म्हणजे ऐन विस्ताराच्या काळातली. म्हणजे सत्ता असतानाही थाट होता. तेव्हा गृहीतक बदलायला हवं: थाट वाढला की नाही यापेक्षा थाटाची भाषा बदलली, हे म्हणणं पुराव्याला जास्त धरून आहे.

भाषा का बदलली? इथे निदान तीन स्पष्टीकरणं उभी राहतात. एक, लष्करावरचा खर्च घटल्यामुळे पैसा मोकळा झाला. दोन, राजपुत्रांचं शिक्षण इंग्रजी वळणानं झाल्यामुळे आवड बदलली. तीन, व्हाइसरॉय आणि युवराज यांच्यासारख्या पाहुण्यांना त्यांच्या ओळखीच्या भाषेत प्रतिष्ठा दाखवायची होती.

यांच्यात निवड कशी करायची? तुलना करून. ग्वाल्हेरचा जयविलास 1874 चा, 1875-76 मधल्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्याच्या तोंडावरचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा 1877 ते 1884. बडोद्याचा लक्ष्मीविलास 1890 मध्ये पूर्ण. शिंदे, भोसले, गायकवाड, होळकर. चार मराठी घराणी, अर्ध्या शतकात चार युरोपीय किंवा मिश्र धाटणीचे महाल, सगळे 1857 नंतरचे. एकट्या राजाच्या आवडीनं हे घडलं असं म्हणणं आता कठीण. पण त्याचबरोबर हेही बघा की कोल्हापूर आणि बडोद्यात भारतीय घटक ठळक आहेत, लालबागच्या आत ते फार कमी. परिस्थिती सारखी, निवड वेगळी. मग स्पष्टीकरणात परिस्थितीही हवी आणि निवडही.

शेवटचा पुरावा तर घरातलाच. तुकोजीरावांनी गादी सोडल्यावर मुलगा यशवंतराव (दुसरे) आला, ऑक्सफर्डला शिकलेला. त्यानं एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला माणिकबाग महाल करून घेतला. सरळ रेषा, धातू, काच, वातानुकूलन. सोनेरी वेल औषधालाही नाही. लालबाग पुरा होऊन जेमतेम 10-12 वर्षं झालेली, वडील हयात, शहर तेच, रेसिडेन्सी तीच. तरीही मुलानं ती भाषा टाकली. सत्तेची परिस्थिती एवढ्या वेगानं बदललेली नव्हती. युरोपातली प्रतिष्ठेची भाषा मात्र बदलली होती. तिथे बरोक जुनं झालं होतं. आज माणिकबागेत केंद्रीय करविभागाचं कार्यालय आहे.

माझं मत विचाराल तर तिसरं स्पष्टीकरण सगळ्यांत टिकाऊ वाटतं: बघणारा बदलला म्हणून महालाची भाषा बदलली. चांदवडच्या वाड्याचा बघणारा आतला, शनिवारवाड्याच्या दाराचा बघणारा शत्रू, लालबागचा बघणारा साहेब, आणि माणिकबागेचा बघणारा पॅरिस-बर्लिनमधला कलारसिक. पण हे माझं मत आहे, आणि ते एखाद्या पत्रव्यवहारानं उद्या कोसळू शकतं. कोसळू शकेल इतकं नेमकं असणं ही संशोधन-प्रश्नाची चांगली खूण आहे.

आता सिनॉप्सिसमध्ये काय लिहाल?

"होळकरकालीन वास्तुकलेचा अभ्यास" असं लिहिलंत तर समिती मान डोलावेल आणि विसरून जाईल. "लालबाग महालावर युरोपीय शैलीचा प्रभाव का पडला?" हे बरं, पण "प्रभाव" या शब्दात उत्तर आधीच घुसलंय. जणू शैली हवेतून आली आणि होळकरांवर पडली. त्याऐवजी असं लिहा: "1886 ते 1921 या काळात लालबाग महालाच्या बांधकामाचे निर्णय कोण घेत होतं, आणि रीजन्सी कौन्सिलच्या वर्षांत त्या निर्णयांत काय बदल झाला?" यात काळ आहे, कर्ता आहे, तुलना आहे, आणि पुरावा कुठे शोधायचा हेही त्यातच आहे.

पुरावा कुठे? सेंट्रल इंडिया एजन्सीचे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अभिलेखागाराच्या "अभिलेख पटल" या संकेतस्थळावर घरबसल्या शोध घेता येतो. शोधताना इंदूरचं जुनं इंग्रजी स्पेलिंगही टाकून बघा. ल्युअर्ड यांनी तयार केलेलं इंदूर संस्थानचं गॅझेटियर 1908 चं, म्हणजे नेमकं रीजन्सीच्या वर्षांतलं. आणि अहिल्याबाईंच्या काळाशी तुलना करायची असेल तर मोडी शिका. तीन-चार महिने रोज तास दिलात तर वाचायला यायला लागते, आणि मोडी वाचता येणारा विद्यार्थी कुठल्याही गाइडला हवा असतो.

प्रत्यक्ष जाल तेव्हा आधी बाहेरून फिरा. फाटकापासून महालापर्यंत रस्ता कसा वळतो, चालत येणाऱ्याला महाल कुठून पहिल्यांदा पूर्ण दिसतो, नदी कुठून दिसते आणि कुठून दिसत नाही, हे कागदावर काढा. फोटो नंतर. फोटो काढला की डोळा निवांत होतो, चित्र काढताना तो काम करतो.

इंदूरला जाणं जमणार नसेल तरी हरकत नाही. हेच चार प्रश्न तुमच्या गावातल्या कुठल्याही मोठ्या वास्तूला विचारा. मी ते एकलहऱ्याच्या वीज केंद्राला विचारून बघते. कधी? पहिले संच 1970 च्या सुमाराचे, आज चालणारे 210 मेगावॉटचे तीन संच त्यानंतरचे, म्हणजे इथेही थर आहेतच. कोणाला दाखवण्यासाठी? काय दिसू नये म्हणून? राख कुठे जाते, पाणी कुठून येतं, वसाहतीतली मोठी घरं कुणाची आणि छोटी कुणाची, जमीन आधी कुणाची होती? दुसरं स्पष्टीकरण काय? पंधरा मिनिटं वही घेऊन बसलात तर दहा प्रश्न निघतील. त्यातले आठ टाकाऊ असतील. उरलेल्या दोनांपैकी एक घेऊन गाइडकडे जा.

पुढच्या लेखात सुरखी आणि चुना यांची गोष्ट सांगेन: विटांचा भुगा चुन्यात घातला की तो पाण्यातही का टिकतो, आणि आमच्या वीज केंद्राची राख तेच काम कसं करते. तोवर तुमच्या वास्तूचं नाव आणि तिच्याबद्दलचा एक प्रश्न लिहून ठेवा. प्रश्नात "प्रभाव" हा शब्द आला असेल तर तो खोडा आणि वाक्य पुन्हा लिहून बघा.